होडीला टोचन

बंपर हा गाडीचा दागिना आहे. दागिन्याला धरून कुणी कुणाला ओढत नाही. पण आमच्या शेडवर पिकअप घेऊन येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो, "बंपरला एक हुक मारून द्या, बस्स. किती वेळ लागतो त्याला!" मग आमचे हे त्याला खुर्ची देतात, चहा सांगतात आणि समजवायला बसतात. मी तोवर गाडीखाली शिरलेली असते.

आमची शेड कळंबोलीत, रोडपालीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. आजूबाजूला सगळी मोठ्या ट्रकची दुकानं, टायरवाले, पाटेवाले, ताडपत्रीवाले. आमचं काम त्या मानाने बारीक. लहान पिकअप मागे ट्रेलर ओढायला तयार करून द्यायची. ड्रायव्हर लोक ओढण्याला टोचन म्हणतात, म्हणून आमच्या पाटीवरही 'येथे टोचनचे काम होईल' असंच लिहिलं आहे. खांदा कॉलनीतले एक आजोबा एकदा नातीला कडेवर घेऊन आले आणि पाटीकडे बघत म्हणाले, "हिचे कान टोचायचेत." ह्यांनी अगदी गंभीर चेहरा करून सांगितलं, "टोचू की. पण आमच्या मशीनने बोटाएवढं भोक पडतं." आजोबांनी शेडमध्ये नीट पाहिलं, मग तेही हसले. जाताना नातीला आमच्या ग्राइंडरच्या ठिणग्या दाखवून घेऊन गेले.

हे वेल्डिंग करतात आणि बोलतात. मी वायरिंग करते, बोल्ट आवळते आणि बोलत नाही. लग्नानंतर मी नुसतं टेपचं दुसरं टोक धरायला उभी राहायची. मग ह्यांच्या जाड बोटांना बारीक वायरी सापडेनात, म्हणून त्या माझ्याकडे आल्या आणि त्यांच्यामागून बाकीचं काम आलं. शाळा चौथीपर्यंत झाली, पण वायरीचे रंग ओळखायला तेवढी पुरते. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, ती आजही. म्हणून आम्ही एक सोय करून ठेवली आहे. हे ग्राहकाला काही भलतंच कबूल करायला लागले की मी गाडीखालून पान्याने चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, दोनदा ठोकते. ह्यांचं वाक्य तिथल्या तिथे वळतं. "तुम्ही म्हणता तसं होईल साहेब," टण टण, "असं मी कालपर्यंत म्हणत होतो." कित्येक ग्राहकांना वाटतं, खाली काही पडलं. जेवणाचा डबा घेऊन आलेली बाई गाडीखाली कशाला शिरली, असंही काहींना वाटत असणार.

या कामात काय असतं, असं माझ्या जावेने एकदा विचारलं. तिला मी सांगितलं, पोराला पाठीवर घेणं वेगळं आणि हात धरून चालवणं वेगळं. पाठीवरचं पोर तुझ्याबरोबर थांबतं, तुझ्याबरोबर वळतं. हात धरलेलं पोर मागे ओढतं, पुढे पळतं, खेळण्याच्या दुकानासमोर अडून बसतं. हौद्यातला माल म्हणजे पाठीवरचं पोर. ट्रेलर म्हणजे हाताला धरलेलं.

म्हणून आधी पिकअपचे पाटे बघायचे. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चवड असते, सगळा भार तिच्यावर. ती दबून सपाट झाली असेल तर पुढचं कामच घ्यायचं नाही. मग ब्रेक. ओढायचं नंतर, आधी थांबता आलं पाहिजे. मग चेसीच्या दोन्ही बाजूंना धरून एक आडवी बीम, आणि तिच्यावर गोळा. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला खालून पोकळ वाटी असते, ती या गोळ्यावर बसते आणि खिट्टीने अडकते. बीम बोल्टनेच बसवायची. चेसी तापवली की पुढे कधीतरी तिथेच तडकते. यावरून आमचं घरात भांडण होतं, कारण ह्यांचा वेल्डिंगचा हात साफ आणि दिसेल तिथे टाका मारायची हौस. दांड्याखालून दोन साखळ्या घालायच्या, त्याही एकमेकींवरून फुली करून. वाटी निसटलीच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्या फुलीत झोळीसारखा झेलला जातो.

शेवटी दिवे. ते माझे. एक केटररकाका भांड्यांचा ट्रेलर घेऊन आले होते, दुसरीकडून वायरिंग करून. ते म्हणाले, "ताई, मागचे लोक मला फार शिव्या देतात हो." बघितलं तर पिकअप डावीकडे वळताना ट्रेलर उजवा डोळा मिचकावत होता. काका कित्येक लग्नं जेवू घालून आले होते आणि मागच्यांच्या शिव्या खात होते. मी दोन वायरी बदलल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी बासुंदी पाठवली.

पण मला लिहायचं आहे ते काशिनाथदादांच्या होडीबद्दल.

काशिनाथदादा उरणकडच्या एका कोळीवाड्यातले. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ते, त्यांची बायको गुणाबाय आणि मुलगा रूपेश असे तिघं शेडवर आले. त्यांच्या गावच्या खाडीत गाळ साचत चालला होता, बाजूने भराव पडला होता. होडी भरतीलाच बाहेर निघायची आणि परत यायला पुढची भरती गाठावी लागायची. ती चुकली की काशिनाथदादा होडीसकट चिखलात बसून राहायचे. रूपेश बंदरात कंटेनर यार्डात कामाला. त्याला हे बघवत नव्हतं. त्याने होडीला गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं.

काशिनाथदादांचं म्हणणं वेगळं. दुसऱ्या धक्क्यावर पाणी चांगलं आहे. रूपेशने माल वाहायला पिकअप घेतलीच आहे. मग होडी ट्रेलरवर घालून तिकडे न्यावी. लहान फायबरची होडी, काय जड आहे?

रूपेशने ह्यांना स्पष्ट सांगितलं, "काका, नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पिकअपमागे नीट जायला लागली तर राहील. नाय गेली तर घेणारा तयार हाय. बाबांनी मला शब्द दिलाय."

"दिलाय," काशिनाथदादा म्हणाले. "पन शेठ, तुमी शब्द द्या का ती जाईल."

ह्यांनी छाती पुढे काढली. मी पाना उचलला. पण गुणाबाय खुर्ची सोडून गाडीजवळ खाली बसल्या होत्या आणि वाकून माझ्याकडेच बघत होत्या. त्यांच्यासमोर ठोकायची मला लाज वाटली. ह्यांनी शब्द देऊन टाकला.

ट्रेलर झाला छान. पाटे मजबूत करून घेतले, बीम बसवली, साखळ्या लावल्या, दिवे पाण्यात बुडले तरी जळणार नाहीत असे घेतले. होडीचं पुढचं टोक जिथे टेकतं तिथे मी रबराची गादी केली. कोळी लोक त्या टोकाला नाळ म्हणतात. ट्रेलरला स्वतःचा नंबर लागतो, ते कागद रूपेशने करून आणले. रिकामी होडी टेम्पोतून आणून ट्रेलरवर चढवली आणि दांड्याची परीक्षा घेतली. ती आमच्याकडे अशी असते: दांडा मला उचलता येता कामा नये. ह्यांना उचलता आला पाहिजे, पण उचलताना तोंडातून आवाज निघाला पाहिजे. मी उचलला तर भार मागे पडलाय, गोळ्यावर वजनच येत नाही. ह्यांनाही हलला नाही तर भार फार पुढे, पिकअपचं ढुंगण खाली बसेल. काशिनाथदादांच्या ट्रेलरला ह्यांचा चांगला 'हूंऽ' निघाला. होडी डुलत डुलत गावी गेली.

आता भरल्या होडीची, त्या दुसऱ्या धक्क्यापर्यंतची चाचणी राहिली होती. पौर्णिमा जवळ आली होती. आम्ही दोघं मोटारसायकलवरून त्यांच्या गावाला गेलो. होडीला नवा रंग, पिकअपला हार. सगळं सामान भरून, जोडून तयार होतं.

"बगा शेठ, कशी बसलीय!" काशिनाथदादांनी होडीवर थाप मारली. "नाळ वर!"

मला पिकअपची मागची बाजू शेडवर होती त्यापेक्षा जरा उचललेली वाटली. मी वाकून बघणार, तोवर गुणाबायने माझा हात धरून मला केबिनमध्ये ओढलं. "ये गो बाय, आपुन दोगी पुडं बसू. ते येऊंदे मागून." रूपेश गाडी चालवायला, मधे गुणाबाय, खिडकीशी मी. मागे मोटारसायकलवर हे आणि होडीवर डोळा ठेवायला काशिनाथदादा.

सपाटीला ठीक चाललं. चिरनेरच्या बाजूला एक उतार लागला, गाडीने वेग घेतला आणि त्याच वेळी एक मोठा कंटेनर आम्हाला खेटून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलरला धक्का बसला. आधी एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. आरशात होडी एकदा या बाजूला दिसायची, एकदा त्या बाजूला. पिकअपची शेपटी ती धरून हलवत होती.

गुणाबायने माझी मांडी घट्ट पकडली. रूपेशचा पाय ब्रेककडे निघाला.

अशा वेळी ब्रेक मारला की मागचा ट्रेलर पुढच्या गाडीला वळसा घालून बाजूला येतो. ते मला माहीत होतं. सांगायला ह्यांच्यासारखं कुणी जवळ नव्हतं, आणि केबिनमध्ये ठोकायला चेसीही नव्हती.

"ब्रेक नको!" मी ओरडले. "पाय काढ! चाक सरळ धर! काही करू नकोस, नुसता धरून बस!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच नवीन होतं. रूपेशने दोन्ही पाय एकदम वर घेतले, जणू खाली पाणी शिरलं होतं. गाडी हळू होत गेली, होडीचं डोलणं कमी होत गेलं आणि उतार संपता संपता ती पुन्हा मुकाट मागून यायला लागली. रूपेशने गाडी कडेला घेतली.

गुणाबायने माझी मांडी सोडली आणि त्या म्हणाल्या, "मना वाटलं तू मुकी हायेस."

काशिनाथदादा मोटारसायकलवरून उतरून धावत आले. "काय रं! पिऊन चालवतोस काय?"

"मी नव्हतो चालवत," रूपेश खाली उतरत म्हणाला. "तुमची होडी मला चालवत होती!"

हे दोघांच्या मधे उभे राहिले. मी मागे गेले आणि होडीत डोकावले. इंजिन मागे होतंच. त्याच्याजवळ लोखंडी नांगर, त्यावर ओली जाळी, बर्फाची पेटी, डिझेलचे कॅन, सगळं शेपटीकडे रचलं होतं. नाळेकडे मात्र शेंगदाणाही नव्हता.

मी चाकांना दगड लावले आणि काशिनाथदादांना म्हटलं, "दादा, ती खिट्टी सोडा. पण जरा लांब उभं राहून."

त्यांनी खिट्टी सोडली. दांडा कुणी हात न लावता गोळ्यावरून आपोआप वर उठला. होडी मागे बसली, नाळ आभाळाकडे झाली.

"वा!" काशिनाथदादांच्या तोंडून निघून गेलं. समुद्रावर होडी अशी बसली की माणूस खूश होतो. मग त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"दादा," मी म्हटलं, "भार मागे असला की मागचं टोक ओढून नेतं. भार पुढे हवा. गोळ्यावर वजन आलं पाहिजे."

"बाय, नाळ खाली गेली का लाट आत येते. माझ्या बापाने शिकिवलंय. भार मागंच टाकायचा."

ते खरं तेच सांगत होते. फक्त इथे पाणी नव्हतं.

ह्यांनी त्यांना समजावलं, "दादा, धक्क्यावर गेलं की पुन्हा मागे टाका. रस्त्यावर तेवढं इंजिन आणि जाळी नाळेत ठेवू."

"नाळेत?" काशिनाथदादा एवढ्या हळू बोलले की आम्हाला जवळ जावं लागलं. "शेठ, नाळेवर आमी पाय देत नाय. पुनवेला तिला हळद-कुंकू लावतो. तिथं इंजिन ठेवू? काळं तेल गळनारं? मंग तिला न्यायची तरी कशाला?"

रूपेशने खिशातून फोन काढला. बापाकडे न बघता म्हणाला, "मग झालं. मी त्या माणसाला फोन लावतो. बाबा, शब्द दिलाय तुम्ही."

काशिनाथदादांनी मान हलवली. होडीच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. नवा रंग अजून हाताला किंचित चिकटत होता.

मला काही सुचत नव्हतं म्हणून मी आपली ट्रेलरकडे बघत होते. नाळेची अडणी, जिच्यावर मी गादी शिवली होती, ती बोल्टने बसवलेली होती. ह्यांना तिथे टाका मारायचा होता आणि मी मारू दिला नव्हता. बोल्ट सोडले तर अडणी दांड्यावर पुढे सरकत होती. अडणी पुढे गेली तर अख्खी होडीच पुढे घेता येईल. नाळेत काही ठेवायचं नाही, नाळ आहे तशीच, फक्त जिथे होती त्याच्या पुढे.

"होडी सरकवू," मी म्हटलं. "नाळेला हात लावायचा नाही. नाळ पुढे जाईल, मागची बाजू चाकांवर येईल."

"आणि नांगर, जाळी?" ह्यांनी विचारलं. "तरी मागे भार राहणारच."

त्यावर गुणाबाय पिकअपच्या हौद्याच्या फळीवर टिचकी मारत म्हणाल्या, "आन हा रिकामा कशाला नेताव? हवा भरायला?"

आम्ही सगळे हौद्याकडे बघायला लागलो. एवढा मोठा हौदा, झाडून स्वच्छ केलेला, त्यात रूपेशची पाण्याची एक बाटली गडगडत होती.

"यवढी शानी मानसं," गुणाबाय म्हणाल्या, "आन सामान होडीतच पायजे. होडीचं सामान ना! ते पिकअपात बसलं का बाटतं का?"

काशिनाथदादा आधी हसले. मग ह्यांनी हसायला सुरुवात केली आणि ती थांबेचना. रूपेशने फोन खिशात टाकला की हातात धरून ठेवला, ते मी पाहिलं नाही, कारण मी बोल्ट सोडायला खाली बसले होते.

नांगर, जाळी, पेटी, कॅन हौद्यात गेले. इंजिन सोडून तेही हौद्यात, गोणपाटावर आडवं. अडणी पुढे घेतली, चौघांनी होडी रेटली. मग परीक्षा. मी दांडा उचलायला गेले, हलला नाही. हे वाकले.

"हूंऽ!"

"काका, आवाज आला," रूपेश म्हणाला. त्या दिवसात तो पहिल्यांदाच हसला.

धक्क्यापर्यंत ट्रेलरने चूंसुद्धा केलं नाही. मी मुद्दाम रूपेशला एका उतारावर वेग घ्यायला सांगितला. होडी मागे सरळ, शाळेच्या रांगेतल्या पोरीसारखी.

पण धक्क्यावर शेवटचं उरलंच होतं. तिथे पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार आहे. ट्रेलर उलटा घेत घेत त्यावरून पाण्यापर्यंत न्यायचा आणि होडी तरंगवायची. ट्रेलर उलटा घेताना सगळं विरुद्ध होतं. चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. रूपेशने पहिल्यांदा घेतला तो तिरका होऊन कठड्याला टेकला. दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूला. हे बाहेर उभे राहून हात हलवत होते, "डावीकडे! अरे डावीकडे! नाही, तुझी डावी नको, त्याची डावी!" धक्क्यावर जाळी विणत बसलेली माणसं काम टाकून बघायला लागली. एकजण ओरडला, "अरं, होडी रस्त्यावरच चालव! टोल भर!"

रूपेशचे कान लाल झाले. तो दार उघडून खाली उतरला. "बाबा, मला नाय जमत. सांगितलं होतं मी. रोज रोज हे नाय होणार." आपण काय म्हणतोय ते त्याला कळत होतं. रोज नाही जमलं तर होडी गेलीच.

काशिनाथदादांना गाडी चालवता येत नाही. ते आतापर्यंत एका बाजूला उभे राहून ट्रेलरची वळणं बघत होते, ओठ हलवत, जणू काही मोजत होते. ते मुलाजवळ गेले.

"रूप्या, तू नववीत असताना माझ्यासंगं येत होतास. सुकानू कोन धरायचा?"

"मी."

"होडी डावीकडं न्यायची तर दांडा कुटं ढकलायचास?"

रूपेश थांबला. "उजवीकडे."

"मंग? हे तेच हाय. चाक नको समजू. सुकानूचा दांडा समज. आन मागं बग, पुडं नको बगू."

रूपेश पुन्हा आत बसला. त्याने स्टिअरिंगला खालून हात घातला, मान वळवून खिडकीतून मागे बघितलं. ट्रेलर हलला. थोडा उजवीकडे कलला, त्याने सावरला. मग सरळ, एका रेषेत, उतारावरून खाली खाली, चाकं पाण्यात, चाकांवर पाणी, आणि होडी ट्रेलरवरून अलगद सुटली. जाळीवाल्यांपैकी कुणी तरी शिट्टी मारली. ह्यांनी हात हलवणं अजून थांबवलं नव्हतं.

सामान हौद्यातून होडीत गेलं. इंजिन मागे, नांगर मागे, जाळी मागे. काशिनाथदादांनी ते स्वतः रचलं, जसं हवं तसं. नाळ वर आली. आता ती तिच्या जागी होती. गुणाबाय साडी खोचून होडीत चढल्या आणि मला हाक मारली, "ये गो बाय, एक फेरी मारून आनते!" मी लाजून नको म्हटलं. अजून वाटतं, जायला हवं होतं. बाकीच्या होड्यांत नाही, पण जी एक आपल्या हाताने पाण्यापर्यंत आली तिच्यात तरी बसायला हवं होतं.

रूपेश गुडघाभर पाण्यात उभा होता. पँट भिजली होती, ती वर घ्यायचंही त्याला सुचलं नव्हतं. काशिनाथदादांनी इंजिनाची दोरी ओढली, ते सुरू झालं, होडी हळूच मागे सरली. तेवढ्यात रूपेश ओरडला,

"बाबा! उद्या किती वाजता निघायचं?"

काशिनाथदादांनी वळूनही बघितलं नाही. इंजिनाच्या आवाजावरून त्यांचा आवाज आला,

"मना काय इचारतोस? दर्याच्या पान्याला इचार!"